छातीवरचं नाव

लातूरला भावाच्या घरामागे एक मैदान आहे. या आठवड्यात तिथे शाळांच्या मैदानी स्पर्धा चालू आहेत आणि सकाळी सातलाच लाऊडस्पीकर खरखरायला लागतो. आधी माइक चेक, मग पोरींची नावं: पोरीचं नाव, बापाचं नाव, गाव. मी ब्रिस्बेनहून सुट्टीवर आलेय. आई गच्चीवर हरभऱ्याचे ढाळे सोलत बसते, मी चहा घेऊन तिच्याजवळ बसते. उन्हात अजून थोडा गारवा आहे, डाळमिलच्या कोंड्याचा वास वाऱ्याबरोबर येतो आणि खाली क्लासला निघालेल्या पोरांची वर्दळ असते. मी मात्र नावं ऐकते. या दिवसांत कुणाला घाम आठवत असेल, कुणाला मैत्रिणी. मला राग आठवतो. माझं नाव असंच एकदा लाऊडस्पीकरवरून पुकारलं गेलं होतं, पहिल्या नंबरावर, आणि तेव्हा मी पाण्याच्या टाकीशेजारी पोरींच्या पिशव्या राखत बसले होते.

नववीत होते. आम्ही तेव्हा अहमदपूरला राहायचो, बाबांचं स्टँडजवळ सायकलचं दुकान होतं. जिल्ह्याची पंधराशे मीटरची शर्यत मी लातूरला अनवाणी जिंकले. ती माझी. तिला कुणी हात लावू शकत नाही. दिवाळीनंतर विभागीय स्पर्धा नांदेडला होत्या. आमचे पी.टी.चे काळे सर आम्हा चौघींना एसटीने घेऊन गेले. मैदानावर एक बुटकी, सावळी मुलगी आमची वाट बघत उभी होती. पायात रबरी चपला, वेणीला लाल रिबीन. सरांच्या सासुरवाडीच्या गावची, धर्माबादकडची. वयाने आमच्याहून तीन-चार वर्षांनी मोठी, शाळा कधीच सुटलेली. पण चण अशी की नववीत सहज खपून जावी.

सरांनी मला बाजूला घेतलं. माझ्या छातीवरचा चेस्ट नंबर त्यांनी स्वतःच्या हाताने सोडवला, टाचण्या ओठांत धरल्या आणि त्याच टाचण्यांनी तो त्या मुलीच्या छातीवर लावला. ओळखपत्रावर फोटो तिचा होता, नाव माझं. मी का म्हणून विचारलं, तेव्हा ते रागावले नाहीत, ओरडले नाहीत. पंचांग बघून सांगावं तसं म्हणाले, "जिल्ह्यात चाललं. इथं तुझ्यानं व्हायचं न्हाई."

सर फॉर्म द्यायला गेले तेव्हा ती मुलगी माझ्याकडे वळली. म्हणाली, "मी चंद्रकला. पर आता तुझ्या नावानं हाक आली तर तू वळू नको. मी वळते."

हाक आली. मी वळले नाही. ती धावली, आणि कशी धावली ते सांगायला मला आजही जड जातं, कारण ते सुंदर होतं. शेवटच्या फेरीत तिच्या मागे कुणीच नव्हतं. मग लाऊडस्पीकरवरून माझं नाव आलं, बाबांचं नाव आलं, अहमदपूर आलं, आणि मी बसल्या जागी अर्धी उठले. अंगाला सवय असते नावाची. परत खाली बसले.

परतीच्या गाडीत सरांनी प्रमाणपत्र माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाले, "घे. नाव तर तुझंच हाय."

राज्य स्पर्धेलाही तेच झालं. मला तिथेही नेलं, कारण मी घरी राहिले असते तर बाबांना कळलं असतं. चंद्रकला तिसरी आली. बाबांनी स्टँडवर पेढे वाटले, दोन्ही प्रमाणपत्रं काचेत घालून दुकानात टांगली, पंक्चर काढताना गिऱ्हाइकाला मान वर करून दाखवायचे. मी रोज ठरवायचे की आज सांगायचं. बाबा गेले ते मला चॅम्पियन समजूनच गेले. आणि एक गोष्ट मी लपवणार नाही: दहावीच्या निकालात खेळाचे वाढीव गुण मिळाले, ते मी घेतले. त्या गुणांवर लातूरच्या चांगल्या कॉलेजात सायन्सला प्रवेश मिळाला. तिथून इंजिनिअरिंग, तिथून नोकरी, तिथून विमान.

त्यानंतर मी धावले नाही. वीस वर्षं बस सुटत असली तरी चालत जायचे.

ब्रिस्बेनमध्ये मला परत पळायला लावलं ते निलोफरने. ती उदगीरची, ब्रिस्बेनच्याच एका इस्पितळात नर्स. आमच्यातली तिसरी शुभांगी, लातूरच्या डाळमिलवाल्यांची लेक, गळ्यात चांदीत बसवलेलं लिंग, डब्यात कायम शेंगदाण्याची चटणी. तिकडे हिवाळ्याच्या शेवटी शहराची एक मोठी धाव असते. हजारो माणसं रस्त्यावर उतरतात. कुणी केळ्याचा वेश करून पळतं, कुणी नवरीच्या झग्यात, कुणी बाबागाडी ढकलत. वेळ मोजायची तर मोजा, नाहीतर हसत चाला. निलोफर म्हणाली, तिघींनी मिळून पाच किलोमीटर करायचं, चाळिशी यायच्या आत एकदा तरी. मी नको म्हणत राहिले. तिने शनिवारी सकाळी घराखाली येऊन हॉर्न वाजवायला सुरुवात केली.

तो हिवाळा अजून अंगात आहे. जून महिन्यात थंडी, हेच मुळात मराठवाड्याच्या माणसाला पटायला वेळ लागतो. नदीवरून धुकं उठायचं आणि पाण्याचा वास यायचा, गोडसर, थोडा गढूळ. वॉटलच्या झाडांना पिवळे गोंडे लागायचे, अगदी आपल्या बाभळीसारखे. ऑगस्टात पश्चिमेकडून कोरडा वारा सुटला आणि मॅगपाय पक्षी घरट्याजवळून जाणाऱ्यांच्या डोक्यावर झडप घालायला लागले. शुभांगी ओढणी डोक्याला गुंडाळून पळायची. पहिल्या शनिवारी मला दोन विजेच्या खांबांमधलं अंतर पळवेना. आठव्या शनिवारी पायांना काहीतरी आठवलं. टाच हलकी झाली, श्वास आपला आपण मोजायला लागला, आणि मी त्या दोघींना मागे टाकून पुढे गेले ती पुलाखाली जाऊन थांबले आणि रडले. आनंदाने नाही. हे माझ्याकडे होतं, आणि एका माणसाने चार टाचण्या सोडवून ते काढून घेतलं होतं. नांदेडला मी जिंकले असते की हरले असते, हे आता जगात कुणालाच सांगता येणार नाही. हरले असते तरी ते हरणं माझं असतं.

त्या दिवशी पहिल्यांदा मी कुणाला तरी सगळं सांगितलं. तिघी गवतावर बसलो होतो. निलोफर शिव्या देत होती. शुभांगी गवत उपटत होती.

आणि पुढच्याच रविवारी काळे सर भेटले.

ही गोष्ट मी रचली असती तर इतकी सोपी ठेवली नसती. पण मराठवाड्यातल्या घराघरातून आईबाप असे सहा महिने पोरांकडे येतातच. सरांचा मुलगा संदीप आमच्याच शहरात होता. मराठी मंडळींच्या जेवणावळीत दोन-तीनदा भेटला होता, पण काळे आडनावाची माणसं का थोडी आहेत? त्या रविवारी एका बागेत सगळे डबे घेऊन जमलो होतो. संदीपबरोबर एक उंच म्हातारा होता, पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात मफलर. त्याने मला पाहिलं, हातातली ताटली खाली ठेवली आणि दोन्ही हात पसरले.

"अरे, ही तर आमची वंदना," ते सगळ्यांना सांगायला लागले. "राज्याचं पदक आणलं हिनं शाळेला. मीच तयार केलीय हिला."

लोकांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. संदीपची लहान मुलगी माझ्या पायांकडे बघत होती. आणि मी काय केलं? हसले. सरांना वाकून नमस्कार केला. वाकताना त्यांच्या बुटांची पांढरी लेस दिसत होती आणि मला वाटत होतं, ही ओढावी आणि हा माणूस इथेच तोंडावर पडावा.

माणूस विसरला असता तर मी कदाचित सोडून दिलं असतं. ते विसरले नव्हते. सगळं लक्षात ठेवून त्यांनी ते स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं.

बोलता बोलता धावेचा विषय निघाला. संदीप दहा किलोमीटर पळणार होता. सर म्हणाले, मी पण येतो, वंदनासोबत पाच किलोमीटर चालतो, सोबत होईल. संदीपला बरं वाटलं. आमची नोंदणी मीच करत होते, तेव्हा सरांचीही मी करावी असं ठरलं.

घरी येऊन फॉर्म उघडला. वय, पत्ता, अडचणीत फोन कुणाला करायचा. शेवटचा रकाना: छातीवर छापायचं नाव. धाव गमतीची असते, रस्त्याच्या कडेला उभे असलेले लोक त्या नावाने हाका मारून धीर देतात, म्हणून मोठ्या अक्षरांत छापतात. मी त्या रकान्यासमोर बराच वेळ बसले. मग टाइप केलं: चंद्रकला.

असं सुख मला फार दिवसांत मिळालं नव्हतं. शुभांगीला सांगितलं तर ती म्हणाली, तोंडावर का बोलत नाहीस, असं पाठीमागून कशाला? तिचं बरोबर होतं, पण मला बरोबर असायचं नव्हतं. मला त्यांनी वीस हजार माणसांसमोर दुसऱ्याच्या नावाने चालायला हवं होतं. प्रत्येक हाकेला त्यांना नांदेड आठवलं पाहिजे होतं. आणि ते मला दोन हातांवरून बघायचं होतं. उरलेले तीन आठवडे मी इतकी छान पळाले की निलोफर म्हणाली, राग तुझ्या तब्येतीला मानवतो.

धावेच्या दिवशी ऊन लख्ख होतं, हवा काचेसारखी. संदीप पुढच्या गटात निघून गेला होता. सर मफलर घालून आले. चेस्ट नंबर माझ्याजवळ होते. "या सर, मी लावून देते," मी म्हणाले, आणि टाचण्या ओठांत धरून त्यांच्या छातीवर नंबर लावला. ते मान वर करून शांत उभे होते, न्हाव्यासमोर बसावं तसे. मोठी इंग्रजी अक्षरं त्यांच्या छातीभर पसरली. निलोफरने वाचलं आणि तोंड फिरवून हसली. शुभांगी एकटीच पुढे निघून गेली.

मी सुरुवातीला पळाले नाही. सरांच्या चालीने चालले. कडेच्या घरांतून माणसं खुर्च्या टाकून बसली होती, कुणी संत्र्याच्या फोडी वाटत होतं, एका कोपऱ्यावर शाळेचा बँड वाजत होता. पहिली हाक एका म्हातारीने मारली. तिला तो शब्द जमत नव्हता, ती अडखळत, चुकवत, पण मनापासून ओरडली: चँड्राकाला. सरांनी तिला हात केला. मग एका पोराने हाक मारली, मग पोरींच्या घोळक्याने. कमरेवर केळ्याचा वेश बांधलेला एक माणूस शेजारून जाताना त्यांच्या पाठीवर थाप मारून तेच नाव घेऊन गेला. सर खूश होते. दोन्ही हात वर करून लोकांना दाखवत होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आता कळेल, या हाकेला कळेल.

पुलाच्या चढावर त्यांना धाप लागली. कठड्याशी थांबले. खाली नदी चमकत होती. त्यांनी विचारलं, हे लोक सारखं काय म्हणतायत. मी सांगितलं, तुमच्या छातीवरचं नाव वाचतायत. त्यांनी कागद धरून वर उचलला, उलटी अक्षरं एकेक करून लावली.

"चंद्रकला," ते म्हणाले. "ही कोण? चुकलं वाटतं त्यांचं. जाऊ दे."

आणि पुढे चालायला लागले.

मी तिथेच उभी राहिले. माझ्या सगळ्या बेतात एकच गोष्ट मी धरून चालले होते, की त्यांना ती आठवेल. त्यांना मी आठवत होते, पदक आठवत होतं, शाळेचं नाव आठवत होतं. जी धावली तीच तेवढी पुसली गेली होती.

मी धावत जाऊन त्यांना गाठलं आणि समोर उभी राहिले. नांदेड सांगितलं, पाण्याची टाकी सांगितली, लाल रिबीन सांगितली. दोन्ही बाजूंनी माणसं वाहत होती, कुणी आम्हाला वळसा घालताना सॉरी म्हणत होतं. सरांच्या चेहऱ्यावर हळूहळू ओळख आली.

"ती व्हय," ते म्हणाले. "सासुरवाडीकडची ती पोरगी. तिचं नाव चंद्रकला होतं का?"

"हो सर."

"तू हे मुद्दाम केलंस."

"हो सर."

त्यांनी मफलर सोडून हातात घेतला. आवाज तोच, पंचांगातला. "तुझं काय वाईट झालं, सांग. मार्क तुला मिळाले. त्या मार्कांवर तू शिकलीस. मी नसतो तर तू ह्या पुलावर उभी असतीस का?"

वीस वर्षं मी या माणसाला द्यायची उत्तरं पाठ करत आले होते. या प्रश्नाचं नव्हतं. कारण हा प्रश्न मी स्वतःला विचारलेला होता आणि उत्तर न देता पुढे निघून आले होते.

मग मी पळाले. पुलाच्या उतारावरून, वळणावरून, माणसांच्या मधून, जेवढं अंगात होतं तेवढं. शेवटच्या मैदानावर पोचले तेव्हा संदीप त्याच्या बायको-मुलीबरोबर गवतावर बसला होता, गळ्यात पदक. आमच्या मंडळींपैकी आणखी दोन-तीन घरं होती. सर अर्ध्या तासाने आले. संदीप उठला, त्याने नाव वाचलं आणि हसत विचारलं, हे कुणाचं घातलंय बाबा. तेव्हा मी सांगितलं. सगळ्यांसमोर, उभी राहून, आवाज न चढवता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. गुणांचंसुद्धा सांगितलं, म्हणजे सरांना तो मुद्दा परत काढता येऊ नये.

 संदीपने वडिलांना एवढंच विचारलं, हे खरं आहे का. सर टाचण्या काढायला लागले. एक टाचणी बोटात गेली. त्यांची नात पुढे झाली आणि तिने उरलेल्या टाचण्या काढल्या. एरवी ती आजोबांच्या गळ्यात पडायची. आता तिने कागद त्यांच्या हातात दिला आणि आईजवळ जाऊन बसली.

मला वाईट वाटलं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला बरं वाटलं. घरी येऊन अंघोळ केली, वरण-भात केला, दोनदा वाढून घेतला. सर ठरल्यापेक्षा महिनाभर आधी परत गेले, हे कळल्यावरही बरं वाटलं. मंडळींत काहीजण मला टाळायला लागले, म्हातारा माणूस होता, एवढं ताणायला नको होतं म्हणाले. म्हणोत. ते नांदेडला पिशव्या राखत बसले नव्हते.

फक्त निलोफरने एकदा, पुढच्या कुठल्याशा शनिवारी, बुटाची नाडी बांधता बांधता विचारलं, "उस लडकी कू मालूम है क्या? जिसका नाम तू लगाई?"

मला त्या प्रश्नाचा राग आला. नंतर तो जाईना. त्यातच एक दिवस संदीपचा मेसेज आला. त्याने वडिलांना खोदून विचारलं होतं, मामांना फोन केला होता. चंद्रकलाचं लग्न धर्माबादला झालं होतं, नवऱ्याचं मिरची कांडपाचं दुकान होतं. खाली एक ओळ: एवढंच करता आलं.

म्हणून परवा लातूरहून निघाले. नांदेडला गाडी बदलायची होती, ते मैदान स्टेशनपासून फार लांब नाही, पण मी गेले नाही. धर्माबादला उतरल्यावर आधी वास भेटला. नव्या मिरचीचे दिवस आहेत, गावाच्या हवेतच तिखट असतं, रिक्षावाल्यासकट सगळे बोलता बोलता खोकतात. दुकान एका गल्लीच्या तोंडाशी होतं. पुढे लाल मिरच्यांचे ढीग, आत मशीनचा धडधडाट, आणि मशीनशी नाकावर पदर बांधलेली एक बुटकी बाई. केस कानाशी पांढरे झालेले. उभं राहण्याची ढब मात्र तीच, भार पुढच्या पावलावर.

मी नाव सांगितलं. बाबांचंही सांगितलं, अहमदपूर सांगितलं. तिने पदर खाली केला.

"तुझं नाव मला तुझ्याहून पाठ हाय," ती म्हणाली. "दोन डाव धावलेय मी त्या नावानं."

तिने खुर्ची दिली, पोराला पाठवून चहा मागवला. मधल्या वर्षांत काय झालं ते सांगितलं, फार न सांगता. पोलीस भरतीला उतरली होती. मैदानात पहिली, लेखी परीक्षेत थोडक्यात गेली. खेळाडूंच्या जागा वेगळ्या असतात, पण त्यांना कागद लागतो. कागद अहमदपूरला एका सायकलच्या दुकानात टांगलेला होता. हे शेवटचं वाक्य तिचं नाही, माझं आहे. तिने फक्त एवढंच म्हटलं, की कागद नव्हता.

मग मी तिला ब्रिस्बेनची गोष्ट सांगितली. खरं तर तेवढ्यासाठीच आले होते. नोंदणी, टाचण्या, पूल, लोकांच्या हाका, संदीप, बोटात गेलेली टाचणी. मला ती हसायला हवी होती. आपण दोघींनी मिळून त्याला गाठलं, असं तिने म्हणायला हवं होतं. सांगता सांगता माझाच आवाज रंगात आला होता.

ती ऐकत राहिली. मग हात लांब करून तिने मशीन बंद केलं. गल्लीत एकदम शांत झालं.

"माझं नाव त्याच्या छातीवर लावलंस?"

"हो."

"आन लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझं नाव घेऊन. त्याला."

मी मान हलवली.

"मला इचारलं व्हतंस?"

मिरचीने डोळ्यांतून पाणी येत होतं, तिच्याही, माझ्याही. ते कुणी पुसलं नाही. मी म्हणाले, तुझा पत्ता नव्हता माझ्याकडे. ती म्हणाली, आता सापडला तो तवा बी सापडला असता. आणि हे खरं होतं. मी शोधलंच नव्हतं. मला ती नको होती, तिचं नाव हवं होतं.

ती माझ्यावर ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती उठली, आतल्या खोलीत गेली. मला वाटलं, आता निघावं. तेवढ्यात ती शाळेची एक वही आणि पेन घेऊन आली. मुलीची वही. मुलगी नववीत आहे, धावते, आणि आई कधी धावली होती यावर तिचा विश्वास नाही. शेजारणी ऐकतात आणि हसतात, म्हणून चंद्रकलाने सांगणं सोडून दिलं आहे.

मिरचीच्या पोत्यावर तिने वही उघडून माझ्यासमोर ठेवली.

"लिही," ती म्हणाली. "तू धावली न्हाईस म्हणून लिही. तुझ्या अक्षरात. खाली सही कर."

मी विचारलं, कुणाला द्यायचंय. ती म्हणाली, कुणालाच नाही, घरात राहील.

मी लिहायला लागले. नांदेड लिहिलं, पंधराशे मीटर लिहिलं. माझं पूर्ण नाव लिहून पुढे लिहिलं की ही शर्यत मी धावले नाही. हे वाक्य लिहायला वीस वर्षं लागली आणि एक ओळ पुरली. गुणांचं लिहिलं. मग तिचं पूर्ण नाव विचारलं, कारण ते मला माहीत नव्हतं. ती माझ्या शेजारी वाकून उभी राहिली आणि पेनाच्या टोकाकडे बघत सावकाश सांगू लागली. चंद्रकला. बापाचं नाव पोशट्टी, ट खाली ट. आडनाव माहेरचं लिही, धावले तवा माहेरचंच व्हतं. इरेवाड. मी लिहिलं. तिने प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून ते तपासलं. नखात मिरचीची लाल पूड होती, वहीवर तिचा डाग पडला.

सही करून मी पेन खाली ठेवलं. तिने ते परत माझ्या हातात दिलं.

"टाईम लिही."

मी म्हणाले, मला माहीत नाही, प्रमाणपत्रावर फक्त क्रमांक होता.

"पाच मिनिटं, नऊ सेकंद," ती म्हणाली. आठवायला तिला क्षणभरही लागला नाही.

मी लिहिलं. तिने ते दोनदा वाचलं, वही मिटून काखेत धरली, आणि हात लांब करून मशीन चालू केलं.